सेकी म्हणजे काय काय

पुण्यात मी जपानी शिकलो आणि कंपनीने मला क्रॉयडनला पाठवलं. यात कोणी कोणाला फसवलं नाही. आमचा क्लायंट जपानी होता, त्याचं एक ऑफिस लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये होतं, आणि आमच्या मॅनेजरच्या मते जपानी बोलणारा माणूस जगात कुठेही बसवला तरी चालतो. तालुक्याच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला टोकियो काय आणि क्रॉयडन काय. मी सगळ्यांचे आभार मानले आणि विमानात बसलो.

आभार मानायची मला सवय आहे. घरातला पहिला पदवीधर म्हणजे सतत कोणाचे तरी आभार मानत फिरणारा माणूस. ज्या मास्तरांनी छड्या मारल्या त्यांचे मी मानले. संध्याकाळच्या क्लासमध्ये ज्या बाईंनी मला जपानीच्या परीक्षेत पाच पायऱ्यांपैकी खालून दुसऱ्या पायरीवर चढवलं आणि "आता तुम्ही थांबलात तरी चालेल" असं सुचवलं, त्यांचेही मानले. लंडनला आल्यावर पहिल्याच रविवारी कॅमडेनमधल्या त्या घरी गेलो, जिथे आमच्या आजोबांना शिकायला सांगणारा माणूस स्वतः विद्यार्थी म्हणून राहिला होता. तिथले आभार मात्र मनापासून होते. बाकीचे आभार तोंडपाठ होते.

ऑफिसमधल्या माझ्या साहेबांचं आडनाव सेकी. वय साठच्या आसपास, सडपातळ, केस इतके नीट की टोप वाटावा. त्यांना सगळे सेकी-सान म्हणत. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभा राहून विमानात पाठ केलेली ओळख जपानीत म्हणून दाखवली. गाव, शिक्षण, छंद, पुढील वाटचाल. त्यांनी एकदाही न अडवता शेवटपर्यंत ऐकलं. मग इंग्रजीत म्हणाले, "तुमचं इंग्रजी चांगलं असेल, अशी आशा आहे."

मी त्यांचे आभार मानले.

माझी नेमणूक तीन वर्षांची होती. ती जुलैत संपत होती. मुदत वाढायची तर सेकी-सान यांनी मार्चच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत टोकियोला शिफारसपत्र पाठवायला हवं होतं. पत्र गेलं नाही तर जुलैत आम्ही दोघं पुण्याला परत. मला त्याचं एवढं काही नव्हतं. मी पुण्यात बसूनही त्याच कंपनीचं तेच काम केलं असतं. प्रश्न माझ्या बायकोचा होता.

तिने लग्नासाठी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली होती. म्हणजे घरातल्या पहिल्या पदवीधराला बायको मिळाली ती पदवी अर्धी सोडून आलेली, आणि या गोष्टीचं मला लग्नात काहीच वाटलं नव्हतं. इथे आल्यावर तिने स्वतः शोधून एका कॉलेजात लहान मुलांच्या शिक्षणाच्या पदवीला प्रवेश मिळवला. आता ती दुसऱ्या वर्षाला होती. पुन्हा दुसऱ्याच.

"एक डिग्री लग्नात गेली," ती म्हणायची. "दुसरी तुमच्या साहेबाच्या मूडवर जायला नको."

साहेबांना मूड नव्हता, हीच तर अडचण होती. ते बारा वाजून दहा मिनिटांनी डबा उघडत, भात, मासा आणि एक आंबट लाल फळ खात, साडेबाराला डबा बंद करत. मी समोर पोळीभाजी घेऊन बसे. अडीच वर्षं आम्ही हवामानावर बोललो. क्रॉयडनचं हवामान अडीच वर्षं बोलण्यासारखं नाही.

मग एकदा, निव्वळ शांतता सहन होईना म्हणून, मी विचारलं की सेकी या शब्दाचा अर्थ काय. क्लासमध्ये शिकवलं होतं की जपानी आडनावांना अर्थ असतो. भातखाचर, डोंगरपायथा, विहिरीच्या वर, असे. सेकी-सान यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. खिशातून पिवळ्या चिकटचिठ्ठ्या काढल्या. (हा माणूस जेवायलाही चिकटचिठ्ठ्या घेऊन बसतो हे मला त्या दिवशी कळलं.) एक चिन्ह काढून माझ्यासमोर लावलं.

"नाका," ते म्हणाले. "जुन्या काळी डोंगराच्या खिंडीत रस्त्यावर चौकी असायची. कागद दाखवायचे, मग पुढे जायचं."

आमच्या खिडकीतून समोर व्हिसाचं सरकारी ऑफिस दिसतं. मी तिकडे बोट दाखवलं. "म्हणजे ते?"

त्यांनी वळून पाहिलं, आणि हसले. वर्षात तिसऱ्यांदा. "हो. पण आमच्याकडे रांग लहान होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून दुसरी चिठ्ठी लावली. उच्चार तोच, चिन्ह वेगळं. सेकी म्हणजे बंधारा. मी खूश झालो, कारण बंधाऱ्यावर मला बोलता येतं. आमच्या गावच्या नदीवर बंधारा आहे; पावसाळा संपला की त्याच्या फटींत फळ्या टाकून पाणी अडवतात, आणि दर वर्षी निम्म्या फळ्या चोरीला गेलेल्या असतात.

"लाकडाच्या?" सेकी-सान यांनी काळजीने विचारलं.

"आता लोखंडाच्या केल्यात."

"मग?"

"त्या आणखी लवकर जातात. भंगारात."

मग रोज एक सेकी. खोकला म्हणजे सेकी. हे त्यांना सांगावंही लागलं नाही, कारण तोंड उघडताच त्यांना खोकला आला. बसायची जागा म्हणजे सेकी. गणितात दोन संख्यांचा गुणाकार करून जे उत्तर येतं ते सेकी. सरकारदरबारी माणसाची नोंद असते ती वही, तिच्या नावातही सेकी. प्रत्येकाचं चिन्ह निराळं, त्यामुळे लिहिल्यावर काही गोंधळ नाही. बोलताना मात्र नाका, बंधारा, खोकला आणि गुणाकार सगळे एकाच डब्यातून प्रवास करतात. मी चिठ्ठ्या माझ्या स्क्रीनच्या कडेला ओळीने लावल्या. शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज बाईने हळूच विचारलं की साहेब माझ्या चुका लिहून देताहेत का.

घरी मी रोज बायकोला नवा सेकी ऐकवायचो. तिला सगळ्यात आवडला तो खेळातला. काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा एक जपानी खेळ आहे, त्यात कधी कधी दोन्ही बाजूंच्या सोंगट्या अशा अडकतात की जो आधी हात टाकेल तो मरेल. म्हणून दोघंही हात टाकत नाहीत, आणि त्यामुळे दोघंही जिवंत राहतात. या अवस्थेलाही सेकी म्हणतात.

"म्हणजे संसार," ती म्हणाली, आणि परत तिच्या पुस्तकात डोकं घातलं.

मार्चच्या मध्यापर्यंत माझी खात्री झाली होती की पत्र मिळणार. इतके सेकी शिकवल्यावर कोण माणूस विद्यार्थ्याला परत पाठवेल? आणि या खात्रीच्या भरात, पोळीचा तुकडा हातात घेऊन, मी आपल्याकडचा माणूस ओळख वाढली की जे करतो ते केलं.

"सेकी-सान, तुमचं मूळ गाव कोणतं? आणि तुमच्या घरचे त्या नाक्यावर नक्की काय होते, अधिकारी की शिपाई? सेकी म्हटल्यावर तुमच्याकडे लोकांना काय समजतं?"

ते घास चावत होते. चावायचे थांबले. मग घास गिळला, डबा बंद केला. बारा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. नऊ मिनिटं शिल्लक असताना त्यांनी डबा बंद केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे विचारायचं नसतं," ते म्हणाले, आणि चहाचा कप घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबिनचे पडदे ओढून आत डबा खाल्ला. त्याच्या पुढच्या दिवशीही.

आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मला तर नकोच. पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी खोली शोधताना एका काकांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, मार्क विचारले, कौतुक केलं, आणि मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "हो, पण मूळचं?" मी तेही सांगितलं, कारण मला खोटं बोलता येत नव्हतं. काका म्हणाले, "अरेरे, खोली कालच गेली." गेटवरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे दोन महिने तशीच होती, मी रोज तिच्यावरून कॉलेजला जायचो. त्या काकांचेही मी निघताना आभार मानले होते. पाण्याबद्दल.

आणि आता मीच, क्रॉयडनमध्ये, एका साठीच्या माणसाला 'मूळचं' विचारून बसलो होतो. जपानमध्येही काही घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या खालचं मानत, जुन्या नोंदी काढून लोकांचं मूळ शोधत, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मला वाटलं, झालं. मी त्याच जखमेवर बोट ठेवलं.

घरी बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. मी सगळं सांगितलं.

"अहो, असं विचारतात का कोणाला?"

"आपल्याकडे सगळेच विचारतात."

"सगळेच विचारतात म्हणून तर तुम्ही अजून फोनवर फक्त पहिलं नाव सांगता."

"उद्या सकाळीच जाऊन माफी मागतो," मी म्हणालो.

"पत्राची लास्ट डेट कधी आहे?"

"पुढचा शुक्रवार."

"मग माफी त्याच्यानंतरच्या सोमवारी."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. "वेडी आहेस का? तोपर्यंत त्यांनी पत्र पाठवलंच नाही तर?"

"तर नाही पाठवलं. आत्ता गेलात तर ती माफी नाही, तो अर्ज आहे. त्यांना काय कळत नाही का?"

"डिग्री तुझी जाणार आहे."

"माझी आहे म्हणूनच सांगतेय. माझ्या डिग्रीला तुमची खोटी माफी जोडलेली नको मला." मग स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "आणि आता जरा गप्प बसा. मला लहान मुलं मातीत का खेळतात यावर दोन हजार शब्द लिहायचेत."

पुढचे दहा दिवस मी गप्प बसलो. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं. लिफ्टमध्ये सेकी-सान भेटले तर दोघंही आकड्यांकडे बघायचो. दरम्यान मी माफीची तयारी सुरू केली. तयारी म्हणजे आमच्या शाळेत एकच अर्थ होता: पाठांतर. जपानीत माफीचे अनेक दर्जे असतात आणि प्रत्येक दर्जाला कमरेतून वाकायचं वेगळं माप असतं. मी सगळ्यात वरचा दर्जा निवडला आणि स्वयंपाकघरात रोज सकाळी फ्रिजसमोर वाकून सराव करू लागलो.

"फ्रिजने माफ केलंय," बायको चहा गाळता गाळता म्हणाली. "आता बाजूला व्हा, दूध काढायचंय. आणि हे बघा, इंग्रजीत बोला. माफी मागताना तरी तुम्ही काय बोलताय ते त्यांना कळलं पाहिजे."

शुक्रवार आला. मी दिवसभर केबिनच्या दाराकडे पाठ करून बसलो, म्हणजे न बघता सगळं ऐकता येईल. साडेपाचला सेकी-सान बॅग घेऊन बाहेर आले, नेहमीसारखं सगळ्यांना उद्देशून "गुड वीकेंड" म्हणाले आणि ट्राम पकडायला गेले. पत्र गेलं की नाही, कळायला काही मार्ग नव्हता. शनिवारी आम्ही वेम्बलीला भाजी आणायला गेलो. बायकोने मेथीच्या चार जुड्या चाळून एक घेतली, दुकानदाराशी गुजरातीत हुज्जत घातली, आणि दोन दिवसांत पत्राचा एकदाही विषय काढला नाही. मला वाटलं, हिला खरंच काही वाटत नाही.

सोमवारी मी केबिनचं दार वाजवलं. वाकलो, अर्ध्या मापाने, कारण आत टेबल आडवं होतं. मग इंग्रजीत सांगायला लागलो. पुण्याची खोली, काका, पाणी, पाटी. सांगितलं की ज्या प्रश्नाने मला लहान केलं होतं तोच मी त्यांना विचारला. की माणसाचं मूळ शोधणं वाईट हे मला सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवं होतं. मी थोडा वक्तृत्व स्पर्धेत गेलो, हे कबूल करतो. शेवटी हात छातीवर होता.

सेकी-सान यांनी पहिल्या दिवशीसारखंच न अडवता सगळं ऐकलं.

"तुम्हाला वाटलं, माझ्या बाबतीत तसं काही आहे?"

"हो."

"नाही," ते म्हणाले. मग उठले, केबिनचे पडदे उघडले, परत बसले. "सेकी माझं नाव नाही."

मला काही कळेना.

"माझ्या बायकोच्या वडिलांचं आहे. त्यांना मुलगा नव्हता. घराण्याचं नाव चालवायला कोणी हवं होतं. माझ्या घरी मी धाकटा. लग्नाची अट तीच होती. मी ऑफिसात जाऊन सही केली आणि सेकी झालो. माझे वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत." ते खोकले. "महिनाभर मी तुम्हाला माझ्या सासऱ्यांचं नाव समजावून सांगत होतो. मजा येत होती. मग तुम्ही विचारलंत, तुमच्या घरचे काय होते. आणि मला पहिल्यांदा असं झालं की उत्तर द्यायला गेलो आणि कळेना, कोणत्या घरचे."

अशा माणसाला आपल्याकडे एक शब्द आहे. घरजावई. आमच्या गावात एक होते. त्यांना पारावर कोणी बसायला जागा देत नसे आणि आम्ही पोरं त्यांच्या सायकलीच्या चाकातली हवा सोडायचो. मी एका अपमानाची माफी मागायला आलो होतो, आणि इथे दुसऱ्याच अपमानाशी गाठ पडली, ज्यात मी लहानपणापासून चांगला तरबेज होतो. त्याची माफी मी पाठ केली नव्हती. म्हणून मी नुसताच म्हणालो, "सॉरी."

"ठीक आहे," ते म्हणाले.

त्यांचं आधीचं आडनाव काय, हा प्रश्न माझ्या जिभेवर येऊन उभा होता. मी तोंड बंद ठेवलं. पत्राचंही विचारलं नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी ते डबा घेऊन माझ्या समोर येऊन बसले आणि आम्ही हवामानावर बोललो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, तर मला वाटलं ती हळहळेल. ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

"आडनाव बदललं म्हणून बापाने वर्षभर बोलणं टाकलं? आणि हे पडद्याआड डबा खातायत? अहो, माझं बदललं तेव्हा माझ्या बापाने बँड लावला होता!"

"तसं नाही—"

"कसं नाही? माझ्या मार्कशीटवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. इथे ॲडमिशन घेताना मॅरेज सर्टिफिकेट, ॲफिडेव्हिट, राजपत्राची प्रत, सगळं पाठवलं. तरी कॉलेजच्या त्या बाईने फोन करून विचारलंच, ही दुसरी मुलगी कोण? मी तिला सांगितलं, तीच मी, फक्त आधीची." मग डोळे पुसत म्हणाली, "बिचारे आहेत पण ते. त्यांना सांगा, एकदा जेवायला या. आपण दोघं बसून बोलू, मी आणि ते. तुमचं काही काम नाही."

"तुझं आडनाव मी घेतलं असतं तर?" मी मोठ्या मनाने विचारलं.

"घेता?"

"आता कसं... पासपोर्ट, व्हिसा, पुन्हा सगळे कागद..."

"बघा," ती म्हणाली. "गेलात ना कागदांवर."

गुरुवारी दुपारी पुण्याहून मेल आला. मुदत वाढली होती, पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत. सोबत सेकी-सान यांच्या पत्राची प्रत होती, इंग्रजीत, चार ओळींची. तारीख शुक्रवारची. म्हणजे माझ्या वक्तृत्वाचा त्यात काही वाटा नव्हता. लिहिलं होतं की काम अचूक आहे. जपानी भाषेचं ज्ञान कामापुरतं नाही, त्यावर अवलंबून राहू नये. पत्नीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत यांना इथे ठेवावं, असं सुचवतो.

मी लगेच बायकोला फोन केला. ती लेक्चरमध्ये होती, फोन बंद. मेसेज पाठवला नाही. मला तिचा चेहरा बघायचा होता. पाच वाजता तिच्या आधी घरी पोचलो. ती आली, आणि अंगात कोट असतानाच माझ्या फोनवर पत्र वाचलं. दोनदा.

"'अवलंबून राहू नये'," ती म्हणाली. "माणूस हुशार आहे."

एवढंच. मग कोट न काढताच टेबलाशी बसली, लॅपटॉप उघडला आणि कॉलेजच्या पोर्टलवर गेली. मी मागून पाहिलं. तिसऱ्या वर्षाचे विषय निवडायचं पान होतं. वर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं की निवड अजून केलेली नाही आणि मुदत संपायला एक दिवस आहे. ते पान तीन आठवड्यांपासून खुलं होतं. तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी केव्हाच भरलं होतं. हिने एकाही चौकटीला हात लावला नव्हता.

"तू बोलली नाहीस," मी म्हणालो.

"काय बोलायचं?" तिने पहिल्या विषयावर टिक केलं. मग दुसऱ्यावर. नाक ओढून ती म्हणाली, "कांदा चिरा तुम्ही. आणि तिकडे उभं राहून चिरा, इथे डोळ्यांत जातो."

कांदा अजून टोपलीतच होता. मी तो घेतला आणि सिंकपाशी जाऊन चिरायला लागलो.